तुझ्या होबार्टमध्ये न जन्मलेली बाई

दादर, मुंबई

प्रिय सुमन,

तुझं पत्र परवा मिळालं. नातीचा जन्मदाखला हातात आला आणि त्यावर ‘होबार्ट’ वाचून उगाच भरून आलं, असं लिहिलंयस. उगाच कशाला गं? ठाकुरद्वारच्या चाळीत वाढलेल्या बाईची नात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मली, तर भरून येणारच. मला मात्र वाचताना हसू फुटलं. का, ते सांगायलाच बसले आहे. पत्र मोठं होणार, चहा घेऊन बस.

होबार्टमध्ये जन्मले असं जन्मभर सांगत राहिलेली एक बाई होऊन गेली. जन्मली होती आपल्या मुंबईत. हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन. ‘वदरिंग हाइट्स’मधली कॅथी, लॉरेन्स ऑलिव्हिएसमोरची. आमच्या बाबांना इंग्रजी चित्रपटांचं वेड होतं, तुला ठाऊक आहे. मेट्रो नाहीतर इरॉस, स्वस्तातलं तिकीट आणि येताना चालत. ते हिला ‘ती मडम’ म्हणायचे. मडम याच गावात जन्मली होती, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेले १९७८ साली. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, आणि तिचं बिंग फुटलं १९८३ला, चरित्र छापून आल्यावर.

जन्म १९ फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. त्याच वर्षी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इकडे आले होते, ज्यांच्या आठवणीसाठी आपला गेटवे उभा आहे. त्या राणीवरून पोरीला घरात ‘क्वीनी’ म्हणू लागले. वडील रेल्वेतले इंग्रज इंजिनीअर. पहिल्या महायुद्धात गेले आणि फ्रान्सच्या आघाडीवर न्यूमोनियाने वारले. आई शार्लट, मूळची सिलोनकडची, सावळी. मोठी बहीण कॉन्स्टन्स.

आता खरी गंमत ऐक. गंमत तरी कशी म्हणू? शार्लट ही आई नव्हतीच, आजी होती. ‘मोठी बहीण’ कॉन्स्टन्स हीच आई, आणि मूल झालं तेव्हा ती जेमतेम बारा-चौदा वर्षांची. वडील मात्र तेच. म्हणजे काय झालं असेल ते तुला मला फोड करून सांगायला नको. आजीने नात पदरात घेतली, लेक म्हणून वाढवली, आणि त्यावर कोणी बोलायचं नाही असं ठरलं. पुढे मर्ल जे खोटं बोलली त्याबद्दल लोक तिला नावं ठेवतात, पण तिच्या आयुष्यातलं पहिलं खोटं तिने रचलेलं नव्हतं. ती त्यात जन्मली होती.

१९१७ला मायलेकी (मी मायलेकीच म्हणणार) कलकत्त्याला गेल्या. ला मार्टिनियर शाळेत फुकट शिक्षणाची सोय झाली, पण मिश्र रक्तावरून मुली इतक्या चिडवायच्या की तिने शाळा सोडली. आणि आता कान टवकार. तिथल्या एका ज्येष्ठ पत्रकाराने लिहिलंय की क्वीनी थॉम्पसन नावाने ती टेलिफोन ऑपरेटर होती. सुमन, आपल्या जातीची बाई!

हे वाचलं आणि मला टेलिफोन एक्स्चेंजमधला आपला ट्रंक बोर्ड आठवला. कानाला हेडसेट, समोर कॉर्ड, आणि मागे फेऱ्या मारणाऱ्या आपल्या त्या अँग्लो-इंडियन सुपरवायझर. आठवतं, कशा म्हणायच्या? ‘गर्ल्स, लाइनवर तुमचं घर ऐकू येता कामा नये.’ तू ‘थ्री मिनिट्स’ला ‘थ्री मिन्टस्’ म्हणायचीस, त्यावरून महिनाभर तुझी शिकवणी चालली होती. सहा महिन्यांत आपले आवाज असे झाले की गिरगावातली कोण, बांद्र्याची कोण, कळेना. आणि त्या स्वतः? इंग्लंडला ‘होम’ म्हणायच्या. आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. निवृत्त झाल्या आणि भायखळ्यातच राहिल्या. तेव्हा आपण त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करून हसायचो, याची मला आता लाज वाटते. अँग्लो-इंडियनांच्या इंग्रजीला गोरे लोक ‘ची-ची’ म्हणून हिणवायचे, हे मला फार उशिरा कळलं. मर्लनेही ते ‘ची-ची’ घोटून घोटून जिभेवरून घालवलं. आपण तसले आवाज ड्यूटी संपली की हेडसेटबरोबर काढून ठेवायचो. तिची ड्यूटी कधी सुटली नाही, एवढाच फरक.

कलकत्त्याच्या फिर्पोज हॉटेलात तिला बेन फिनी नावाचा एक गृहस्थ भेटला, पूर्वी सिनेमात होता. घरी आला, शार्लटला बघितलं आणि काय ते समजला. प्रकरण तिथेच आवरलं. जाताना म्हणाला, फ्रान्सला आलीस तर रेक्स इंग्रॅम या दिग्दर्शकाशी ओळख करून देतो. टाळायला म्हणतात ना, ‘या कधीतरी आमच्याकडे’, तसलं. पण ही खरंच आईला घेऊन बोटीत बसली! १९२८-२९चा सुमार. फिनी काही भेटला नाही, मात्र इंग्रॅमकडे शब्द टाकून ठेवला होता. तिथून गर्दीतली किरकोळ कामं, मग लंडन, आणि लंडनला चित्रपट निर्माता अलेक्झांडर कोर्डा.

कोर्डा हंगेरीचा ज्यू, मूळ आडनाव केल्नर. स्वतः नाव बदलून आलेला माणूस दुसऱ्याला नाव देताना अडखळत नसावा. ओब्रायनचं झालं ओबेरॉन. १९३३च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती अ‍ॅन बोलीन झाली. काम छोटंसं, पण लोकांच्या डोळ्यांत भरली. मग जन्मगाव हवं. मुंबई म्हटलं की पुढचे प्रश्न आले. म्हणून होबार्ट! गोऱ्यांचं, इंग्रजी बोलणारं आणि इतकं लांब की कोणी चौकशीला जाणार नाही. तू रागावू नकोस, पण तुझ्या गावाची निवड केवळ लांब म्हणून झाली होती.

हे सगळं कशासाठी, असं तू म्हणशील. मीही आधी म्हटलं. मग अमेरिकेचे त्या वेळचे कायदे वाचले. १९१७पासून हिंदुस्थानी माणसाला तिथे वसायला मनाई, नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ला. सिनेमावर हेज कोड नावाची आचारसंहिता, त्यात गोऱ्या-काळ्यांचा प्रणय दाखवायचा नाही, आणि स्टुडिओवाले तो नियम ताणून आशियाई माणसांनाही लावायचे. म्हणजे खरं सांगितलं असतं तर ऑलिव्हिएच्या मिठीत हिला कोण उभं करणार होतं? १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. बक्षीस बेटी डेव्हिसने नेलं. पण २०२३ला त्याच ऑस्करसाठी मिशेल योह या आशियाई नटीचं नाव गाजलं तेव्हा हिचं नाव पुन्हा निघालं, की या गटातली पहिली आशियाई मर्लच नव्हती का? योहच्या बातमीत मग ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असे शब्द जपून घालावे लागले.

अभिनेत्री म्हणून ती कशी, विचारशील तर खरं सांगते: फार मोठी नव्हे. कॅथीच्या कामात मला तरी ती थोडी गोठलेली वाटली, ऑलिव्हिए तिला झाकून टाकतो. पण चेहरा! त्या चेहऱ्यावरच सगळा प्रपंच होता. १९३७ला लंडनमध्ये मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले, आणि चार्ल्स लॉटनबरोबरचा ‘आय, क्लॉडियस’ अर्ध्यात बंद पडला. १९४०मध्ये प्रसाधनं आणि औषधांमुळे कातडी पुन्हा बिघडली. कोर्डाशी लग्न १९३९ला, त्याला ‘सर’ मिळाल्यावर ही लेडी कोर्डा, आणि १९४५ला घटस्फोट. दुसरा नवरा लुसियन बॅलार्ड, छायाचित्रकार. त्याने कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून एक छोटा दिवा बसवला. समोरून सरळ उजेड पडला की व्रण पुसले जातात. त्या दिव्याचं नाव तिच्यावरूनच पडलं, ‘ओबी’. होणाऱ्या बायकोच्या चेहऱ्यासाठी माणसाने दिवा शोधावा, याहून मोठं प्रेमपत्र मी वाचलेलं नाही. तेही लग्न चार वर्षांत मोडलं, ते सोड. पुढे आणखी दोन झाली.

मला जे पचत नाही ते शार्लटचं. लंडनच्या घरी पाहुणे आले की ती मर्लची मोलकरीण म्हणून वावरायची. जिने दुसरीचं मूल आपलं म्हणून वाढवलं, तिनेच त्या मुलासाठी ट्रे घेऊन उभं राहायचं. १९३७ला ती वारली. बारा वर्षांनी मर्लने जुन्या फोटोवरून तिची तैलचित्रं काढून घेतली, आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ कर. ती चित्रं तिच्या प्रत्येक घरात शेवटपर्यंत भिंतीवर होती. मी याच्यावर दोन रात्री विचार केला, सुमन. आधी चीड आली. मेल्यावरही आईला खरं राहू दिलं नाही! मग वाटलं, निदान आता तिला दिवाणखान्यात तरी आणलं. मोलकरणीचं चित्र कोण लावतं भिंतीवर? अजून माझं ठरत नाही. तुला काय वाटतं, लिही.

कॉन्स्टन्सला पुढे आणखी चार मुलं झाली. त्यातल्या हॅरीने मुंबईच्या सरकारी दप्तरातून मर्लचा जन्मदाखला काढला. आईच्या रकान्यात कॉन्स्टन्सचं नाव. मावशी समजत होता ती बहीण निघाली. लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला, तर तिने भेट नाकारली.

आणि आता तुझं होबार्ट. १९७८ला तिथल्या महापौरांनी ‘आपल्या गावची लेक’ म्हणून तिचा सत्कार ठेवला. ती गेली! वाटेत गाडीच्या ड्रायव्हरला वेगळीच कथा सांगितली, की लहानपणी वडिलांबरोबर बोटीने जात असता ते आजारी पडले, म्हणून होबार्टला उतरलो. समारंभात म्हणाली, माझा जन्म इथला नाही. मग बरं नाही म्हणून उठली, आणि नंतर हॉटेलच्या बाहेर फिरकली नाही. सदुसष्ट वर्षांची बाई. अर्धशतक जे गाव तोंडपाठ म्हटलं, तिथल्याच लोकांसमोर ते खोटं म्हणवेना तिला. बाकी सगळ्या जगासमोर म्हणवत होतं.

तिकडे म्हणे काहींचा अजूनही विश्वास आहे की ती त्यांचीच. सेंट हेलेन्स गावातल्या हॉटेलात काम करणाऱ्या एका चिनी वंशाच्या बाईची ती मुलगी, असं सांगतात. त्यावर २००२ला माहितीपटही निघाला. तुझ्या शेजारच्या त्या नव्वदीच्या आजींना विचारून बघ ना. मात्र त्यांच्याशी वाद घालू नकोस. म्हणोत आपली तर म्हणोत. आपल्याकडे तरी तिला कोणी आपली म्हटलं होतं?

बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतोय. गोडा मसाला कुरियरने पाठवते, दोन पाकिटं, एक सुनेच्या नावाने, म्हणजे तिला आपलेपणा वाटेल.

आणि हो, नातीचा दाखला लॅमिनेट करू नका. हौसेने करतात आणि मग कुठल्या कचेरीत चालत नाही. नुसता प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेव, आणि एक झेरॉक्स मला पाठव. बघायचाय.

तुझी,
मंगल