मंगळवारची तपासणी

खारघर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

येत्या मंगळवारी बाळाच्या वारेचा नमुना तपासायला द्यायचं आम्ही ठरवलंय. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मीही, म्हणून लिहितेय. थोडा धोका असतो, तो डॉक्टरांनी नीट समजावलाय. पण मला आणि अमेयला, दोघांनाही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे आम्ही दोघंही नुसते वाहक. त्यामुळे बाळाला मेजर, म्हणजे सारखं रक्त द्यावं लागणारा गंभीर प्रकार, असण्याची शक्यता २५ टक्के. न बघता पुढे जाणं मला जमणार नाही गं.

आणि 'आमच्याकडूनच आलं' हे म्हणणं आधी थांबव, आई. बीटा ग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनमधलं एक प्रथिन. त्याच्या जनुकात मधे मधे इन्ट्रॉन नावाचे तुकडे असतात. पेशी सगळ्याची आरएनए नक्कल, म्हणजे प्रथिन बनवायची कामचलाऊ प्रत, काढते, मग इन्ट्रॉन कापून उरलेलं जोडते. तू ब्लाउज बेतताना खडूची खूण करायचीस, तशी कुठे कापायचं याची खूण जनुकाच्या अक्षरांतच (ए, टी, जी, सी) असते. आमच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये पाचवं अक्षर जी हवं, तिथे सी आहे. तेवढ्यानं खूण पुसट होते, काप भलतीकडे बसतो आणि धड ग्लोबिन फारच कमी बनतं. प्रथिनाचा मजकूर मात्र अक्षरन् अक्षर शाबूत! भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त आढळतो तो हाच बदल. यात बाबांचा काय दोष? बाबा, तुमच्या कॉलेजच्या पुस्तकात हे असणंच शक्य नव्हतं, इन्ट्रॉन सापडले १९७७ साली.

माझी काळजी नको. डबा लावलाय, पोळ्या मऊ असतात, अमेयनं रजा टाकलीय. रात्री झोप लागत नाही तेव्हा मात्र तुझा मेतकूट-भात आठवतो, आणि तू केसांतून फिरवायचीस तो हात.

आता ऐका. बाबा, हिमोग्लोबिन कमी दिसलं की मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आधी फेरिटिन तपासा, त्यातून अंगातला लोहाचा साठा कळतो. लोह पुरेसं असताना गोळ्या घेतल्या तर ते अंगात साठतं. दादासाठी स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी त्याची एचबीए-टू तपासणी (थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ततपासणी), चालढकल नको. आई, गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही, आणि मंगळवारी ठाण्याहून धावत यायचं नाही. येऊ नकोस म्हणजे नको आहेस असं नाही गं. तुला बाहेर बाकावर ताटकळत बसलेलं बघवणार नाही मला.

रिपोर्ट आला की पहिला फोन तुम्हालाच. पुढचं आम्ही दोघं ठरवू, तेवढं आमच्यावर सोडा.

तुमची,
छकुली