मिरजेला गाडी बदलायचो ना, तसं

इर्कुट्स्कच्या अलीकडे, रेल्वेत
९ ऑगस्ट २०१९

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सकाळी जरा रेंज आली आणि दादाचा मेसेज दिसला. मलप्रभेला पाणी चढलंय म्हणे. बाबा, घाटावर पूर बघायला जाऊ नका. आई, तू त्यांना जाऊ देऊ नकोस.

आता कबुली. बीजिंगचं काम संपलं की मॉस्कोच्या मीटिंगला विमानानं जाईन, असं मी सांगितलं होतं. गेले नाही. रेल्वेनं निघालेय, एकटीच. सहा दिवस, साडेसात हजारांहून जास्त किलोमीटर. खरं सांगितलं असतं तर "एवढ्या लांब रेल्वेनं कशाला जातीस गं?" हे रोज फोनवर ऐकावं लागलं असतं. विमानाला आठेक तास पुरतात, तेव्हा प्रश्न बरोबरच आहे.

बाबा, उत्तर तुमच्याकडेच आहे. आठवतंय, मुंबईला आत्याकडे जाताना खानापुरातून मीटरगेजनं मिरजेला जायचो आणि तिथं ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचो? तुम्ही हमालामागून धावत "सात नग, सात नग" करायचात. मी आठवा नग, अर्धवट झोपेत. रूळ रुंद झाले म्हणून माणसांनी का उतरायचं, हे मला तेव्हा कळायचं नाही. नंतर आपल्याकडेही ब्रॉडगेज आलं आणि प्रश्न तसाच राहिला.

परवा रात्री चीनच्या शेवटच्या स्टेशनावर, एरेनहोतला, उत्तर बघितलं. चीनचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंद, मंगोलिया-रशियाचे १५२०. म्हणजे जेमतेम चार बोटांचा फरक. त्यासाठी गाडी शेडमध्ये नेतात, डबे सुटे करतात आणि एकेक डबा आमच्यासकट जॅकनं वर उचलतात. खालची चाकं निघून जातात, दुसरी येऊन बसतात. माणसं बर्थवर लोळत असतात. यात काही तास जातात आणि तेवढा वेळ संडासाला कुलूप. आई, हे तुला मुद्दाम सांगतेय. पुढंमागं आलीस तर त्या रात्री पाणी बेतानं पी.

(आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर चाकं बदलावी लागत नाहीत, पाट्या तेवढ्या बदलतात. कोर्टात मात्र २००४ पासून तारखा चालूच.)

डबे जोडताना असा दणका बसला की तू डब्यातून दिलेल्या गोड मांड्यांचा चुरा झाला. दुधाची पावडर कालवून चमच्यानं खाल्ला, बरा लागला. समोरच्या बर्थवरच्या मंगोल आजींनाही दिला. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, पण त्यांनी वाटी परत पुढं केली. गरम पाण्याची चिंता नाही. डब्याच्या टोकाला कोळशावरचा बंब आहे, अगदी आपल्या न्हाणीघरातल्यासारखा. अटेंडंट पहाटे उठून त्यात कोळसा घालतो. फक्त धुराचा वास आपल्या लाकडांचा नाही. डायनिंग कार मात्र देशागणिक बदलते. चीनची गेली, मंगोलियाची आली, तीही गेली आणि आता रशियाची आहे. भात तीनपैकी पहिल्याच गाडीत खाण्याजोगा होता.

आज सकाळपासून खिडकीला बैकल आहे. सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ धुक्यात गेलाय. जवळजवळ दोनशे किलोमीटर गाडी काठाकाठानं चालते. खोली १६४२ मीटर. कळसूबाई आहे १६४६. तेवढा डोंगर तळाशी उभा केला तर चार मीटरचं टोक पाण्याबाहेर राहील. बाबा, तुम्ही दर उन्हाळ्यात पेपरात राकसकोप धरणाची पातळी वाचून दाखवता, तुम्ही हे पाणी बघायला हवं होतं.

पत्र मॉस्कोहून टपालात टाकीन, म्हणजे बहुधा माझ्यामागूनच पोहोचेल. परत मात्र विमानानं येतेय, हे खरंच खरं. आई, डबा सांभाळलाय. झाकण मंगोलियात राहिलं.

तुमची,
आठवा नग