टोपली

माझ्या छोरीस,

खूप खूप आशीर्वाद.

स्नेहसंमेलनातला आपल्या बंजारा पोशाखातला तुझा फोटो कालपासून कितीदा उघडून पाहिला, मोजलं नाही. फेटिया घागरा, काचळी चोळी, ओढणी सगळं भाड्याचं, आरशांच्या जागी प्लास्टिकच्या टिकल्या. तरी तुझ्या अंगावर ते पाहून डोळे भरून आले. फक्त दोन्ही कानशिलांवर तू टोपली लावली होतीस, तिथं नजर अडकली. रागावले नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

घुगरी-टोपली ही लग्न झालेल्या बाईची. केसांच्या बटांत गुंफलेली चांदीची टोपली आणि तिच्याखाली गालांवर लोंबणाऱ्या घुगऱ्या. आपल्याकडे कुंकू-मंगळसूत्राच्या आधी नजर तिथं जाते. दंडावरचा चुडाही तसाच. नवरा गेला की दोन्ही उतरतात. तांड्यावर नवी बाई आली तर तिला काही विचारावं लागत नसे. कानशिलं, दंड आणि कपड्यावरचं भरतकाम पाहून बायका निम्मं ओळखून घ्यायच्या.

कवड्यांचंही असंच. बैलांवर मीठ-धान्य लादून आपली माणसं मुलूखभर फिरायची, ती लदेणी. कवडी तेव्हा बाजारात चालायची. आज ती फेटियाच्या कडेला आणि घागरीखालच्या चुंबळीला शिवलेली दिसते. आरशांनी दृष्ट परत फिरते, असं तुझी आजी, माझी आई, सांगायची. मला त्यात तिचे टाकेच जास्त दिसतात. एकेक आरसा बसवायला ती चारी बाजूंनी दोरा ओढून आधी जाळं करायची, मग त्यावर काठ भरायची. छापील नमुना कधीच नव्हता.

पण हे कपडे फक्त आपल्याच माणसांना वाचता येत होते असं नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढं आपल्यातल्या कित्येकांना त्यात ओढलं. लांबून ओळखू येणारी बाई पोलिसालाही लांबूनच ओळखू यायची. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. तुझ्या जातीच्या दाखल्यावरचा 'विमुक्त' हा शब्द तिथला आहे. कायदा गेला तरी माझ्या लहानपणी आजी एसटीत चढली की शेजारच्या बायका पिशव्या मांडीवर घ्यायच्या. मी ते पाहायचे. आजीही पाहत असणार.

सातवीत माझा बक्षीस समारंभ होता. मी हट्ट धरला की माझ्या याडीनं, म्हणजे तुझ्या आजीनं, साडी नेसूनच यायचं, डोक्यात काही नको. ती कुणाची तरी निळी साडी मागून नेसून आली आणि मागच्या रांगेत बसली. मला ती गर्दीत सापडलीच नाही. तोवर मी तिला नेहमी आवाजानंच ओळखत आले होते, घुगऱ्यांच्या.

संध्याकाळी आम्ही तांड्यावर परतलो. वेशीजवळ एक म्हातारी बसली होती. तिनं आजीची मोकळी कानशिलं पाहिली आणि मोठ्यानं रडायलाच लागली. तिला वाटलं, माझा बाप गेला. आजी तिला जवळ घेऊन सांगत होती, तो बरा आहे, शेतात आहे. मी तिथंच उभी होते. आजीनं घरी जाऊन आधी टोपली घातली, मग चूल पेटवली. मला एक शब्द बोलली नाही. पुढं बारा वर्षांनी ती टोपली खरोखर उतरली, तेव्हा मला त्या संध्याकाळची आठवण आली. अजून येते.

मी स्वतः फेटिया कधी घातला नाही. शिक्षिका झाले, साडीच नेसले. कुणी मला वाचू नये म्हणूनच ते होतं, हे आज तुला लिहिते आहे. तू आनंदानं घालतेस, याचा मला अभिमान आहे. पण भाड्याचं नको.

कुरिअरनं आजीचा फेटिया आणि काचळी पाठवते आहे. लाल रंग अजून टिकून आहे. टोपली माझ्याजवळ ठेवते. लग्न करशील तेव्हा मी स्वतः तुझ्या केसांत गुंफीन. करणार नसशील आणि तरी हवी असेल, तर तसं सांग. आपण दोघी बसून बोलू.

कपडे धुवू नकोस, दोरा जुना आहे. झटकून सावलीत हवेला ठेव. काचळीच्या नाड्या मागून बांधायच्या असतात, मैत्रिणीला सांग, फार ओढू नको म्हणावं. डाव्या बाजूचा एक आरसा सुटलाय. दिवाळीला ये, तो कसा बसवायचा ते दाखवते.

तुझी,
याडी