चौथा कागद

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे मला जमलं नसतं. बाबा ‘हं, हं’ करून फोन आईकडे देतात आणि आई दुसराच विषय काढते. म्हणून कागदावर लिहितेय, मोठ्या अक्षरात.

आधी कानांचं. बाबांना कमी ऐकू येतं, त्याबद्दल माझ्या ब्लॉगवर मी तुम्हाला न विचारता लिहायला नको होतं. दवाखान्यातून आले तीच तापलेली. टेबलापलीकडची मुलगी दर प्रश्नाला आवाज चढवत होती, बसलेले सगळे वळून बघत होते आणि बाबा, तुम्ही रुमाल काढून उगाचच चष्मा पुसत होता. ओरडल्याने नीट ऐकू येत नाही, उलट शब्द फाटतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोलावं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते मला आजही बरोबर वाटतं. पण ते सांगताना मी तुमचा रुमाल आणि चष्मासुद्धा लोकांपुढे मांडून ठेवला. काका ते वाचून थेट तुम्हालाच फोन करतील, तोही ‘लेकीनं बोभाटा केलाय’ असं म्हणत, हे मला आधीच कळायला हवं होतं. काकांना इतक्या वर्षांत मी ओळखत नाही की काय!

त्याच रात्री मजकूर काढून टाकला. पण खोटा धीर देत नाही: कुणी स्क्रीनशॉट घेऊन ठेवला असेल तर तो माझ्या हातात नाही. ‘असू दे गं,’ म्हणालात ना बाबा, त्यानंतर दोन रविवार मी एक ओळही लिहिली नाही.

तिसऱ्या रविवारी मात्र लिहिलं. आणि पुढेही लिहिणार आहे, दर रविवारी, स्वतःच्या नावाने. हे विचारत नाहीये, सांगतेय. राग आला तर दोन दिवसांनी फोन करा, पण करा.

आई, तू म्हणशील, वहीत लिही की, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या वह्या तुझ्याच कपाटात आहेत. प्रत्येकीची पहिली दहा पानं भरलेली आणि पुढे तुझे हिशेब. वहीत मी लबाडी करते. ‘हल्ली लोकांना कसली चाडच उरली नाही’ असं लिहिलं की वही गप्प बसते. तेच चारचौघांत ठेवायचं म्हटलं की कोण लोक, काय पाहिलंस, तू स्वतः काय करतेस, हे आधी स्वतःलाच विचारावं लागतं. निम्मी वाक्यं तिथंच गळतात. मेसेज वाचून उत्तर न देणं हा उर्मटपणा आहे, असं मी मध्ये ठणकावून लिहिलं होतं. एका बाईंनी कळवलं, ‘मी आजारी माणसाच्या उशाशी बसलेली असते. वाचायला एक हात पुरतो, उत्तर द्यायला मोकळं डोकं लागतं.’ पुढच्याच रविवारी मी माझं म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं. माझी चूक मी आठवड्याच्या आत कबूल केली, हे आपल्या घरात कुणाला पटायचं नाही!

टोपणनाव घे, असं ताईने सुचवून पाहिलं. नको. नाव झाकलं की माझी जीभ सुटते, हे मला माहीत आहे. तुम्हालाही आहे.

आणि बाबा, हे काही नवं खूळ नाही. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकडाचा ठोकळा, म्हणजे ‘लॉग’, बांधून पाण्यात टाकत. त्याच्या नोंदींची वही ती लॉगबुक. इंटरनेटवरच्या नोंदींना १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ म्हणू लागले आणि १९९९ मध्ये कुणीतरी गमतीने शब्द तोडला, त्याचा झाला ‘ब्लॉग’. म्हणजे जहाजावरची रोजनिशीच. तुम्ही रोज रात्री दिवा मालवण्याआधी चार ओळी लिहायचात आणि मी तुमच्या कुशीतून डोकं काढून ‘आज माझं नाव आलं का?’ विचारायचे. आलं असेल तरच झोपायचे. तुम्ही नुसतं ‘धाकटीला ताप’ लिहिलेलं असलं तरी मला केवढं वाटायचं! तुम्हाला मात्र ‘धाकटीने लिहिलं’ म्हणून काय वाटलं असेल, ते आत्ता कुठे कळतंय.

तुम्हाला आकडे आवडतात म्हणून: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे एक नवी सवय लावायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, कुणाला १८, तर कुणाला २५४ इतके. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे. माझे आज ४१ झाले, चुकलेले दिवस सोडून. २५४ वाल्यांतली निघाले तरी आश्चर्य नाही.

माझी काळजी करू नका. जागरण नाही. सकाळी कामाला बसण्याआधी वीस मिनिटं लिहिते, घड्याळ लावून. शनिवारी मोठ्याने वाचून बघते, रविवारी प्रसिद्ध करते. रागात लिहिलेलं एक रात्र तसंच ठेवते. (कानांचं ठेवलं नव्हतं.) खुर्चीला पाठ आहे, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. ऑफिसबद्दल एक अक्षर लिहीत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंची नोकरी ब्लॉगवर ऑफिसबद्दल लिहिल्यामुळे गेली आणि त्यांच्या ब्लॉगच्या नावावरून इंग्रजीत तसा शब्दच पडला. तो माझ्यासाठी वापरायची वेळ मी आणणार नाही.

आता तुमच्याकडे वळते.

आई, त्या खोचक माणसाला ‘आधी स्वतः लिहून दाखवा’ असं उत्तर तू दिलंस ना? नाव वेगळं होतं, पण स्वल्पविराम तुझेच होते. असं परत करायचं नाही. प्रतिक्रिया आता मी वाचल्याशिवाय तिथे दिसतच नाहीत, तेव्हा तू निवांत राहा. आणि कानातल्या यंत्राच्या नव्या सेलवरचा स्टिकर काढलास की परत चिकटवत बसू नकोस. एकदा हवा लागली की तो सुरू होतो, स्टिकर लावून काही वाचत नाही. रात्री फक्त सेलचं झाकण उघडं ठेवायचं.

बाबा, यंत्र पाहुणे आले की घालायचं आणि एरवी डबीत, असं चालणार नाही. दिवसभर घालायचं, पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज त्रास देईल तरीसुद्धा. तपासणीची तारीख मी घेतलीय. ताई बरोबर येईल, मी नाही, म्हणजे तुम्हाला धास्ती नको. तुमच्या दोघांबद्दलची एक ओळसुद्धा यापुढे तुम्ही वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आई, ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणून तू निसटू नकोस, सही तुझीही लागेल.

सोबत तीन रविवारचं छापून पाठवलंय, मोठा टाइप आणि रुंद समास. बाबा, लाल पेन्सिल अजून त्याच खणात असेल. मावशीला लिहिलेल्या माझ्या पत्रात तुम्ही सतरा चुका काढल्या होत्यात, तशाच काढा, हात आखडू नका.

चौथा कागद वेगळी घडी घालून ठेवलाय. तो कानांचा, पुन्हा लिहिलेला. रुमाल काढलाय, चष्मा काढलाय, दवाखान्यातला माणूस कुणाचेही वडील असू शकतात. तरी नको वाटला तर फाडून टाका, मी कारण विचारणार नाही. दुरुस्त करून पाठवलात, तर दुसऱ्या परिच्छेदातलं ‘बिचारे’ ठेवू की काढू, तेवढं समासात लिहा.

तुमची,
धाकटी