मिठाच्या पुड्यावर तारीख लिही

२० नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचले. चिवड्याचा डबा फुटला नाही, लोणच्याची बरणीही नीट आली. दिवाळीत चार दिवस तुमच्याजवळ होते, पण घरात पाहुणे होते, म्हणून मनातलं बोलायचं राहून गेलं. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय संपतो, म्हणून लिहिते आहे.

बाबा, आपल्याकडे ताटात आधी मीठ वाढतात, शेजारी लिंबाची फोड. लहानपणापासून मी तेच बघत आले. पण यावेळी तुमच्या हाताकडे बघत होते. आमटी चाखायच्या आधीच चिमूट पडली. मग कोशिंबिरीवर, मग ताकात. वर पापड आणि लोणचं होतंच. रक्तदाबाची गोळी सकाळी न चुकता घेता आणि दुपारी जेवताना तिच्या उलट वागता, हे बघून जीव तुटतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे सपाट एक चमचा, तोही छोटा, आणि त्यात पापड-लोणच्यातलंही धरायचं. ताटातलं मीठ बंद करा, लिंबाची फोड राहू द्या. आंबट लागलं की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. पहिले दोन-तीन आठवडे अळणी लागेल, मग जिभेला सवय होईल. आणि हो, दुकानात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते बाधू शकतं.

आई, आता तुझं. तू पोह्यांवर लिंबू पिळतेस ते उत्तमच, लिंबामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं. पण लगेच चहाचा कप तोंडाला लावतेस आणि चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. तुझं हिमोग्लोबिन दोन वर्षं वर येत नाही, आणि पालेभाजी तर रोज खातेस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यातही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असंच सांगितलंय. चहा सोड असं मी म्हणत नाही, तो तुझा विसावा आहे. उठल्यावर घे, नंतरचा अकराला घे.

पाण्याचं मला रात्रीच कळलं. गुडघे दुखतात, रात्री उठावं लागू नये म्हणून तू दुपारी चारनंतर पाणीच घेत नाहीस. आणि सकाळी उठताना भिंत धरतेस. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट बघू नकोस. सकाळी तांब्या भरून ओट्यावर ठेव, दुपारच्या जेवणापर्यंत रिकामा कर. पुन्हा भर, तो संध्याकाळी सहाच्या आत संपव. रात्री गोळीपुरतं घोटभर घेतलंस तरी चालेल. तुमच्या डॉक्टरांना मी विचारलंय, दोघांनाही पाण्याचं बंधन नाही. पण भिंत धरावी लागते हे त्यांना तू स्वतः सांग, गोळ्यांमुळेही तसं होऊ शकतं.

रात्री नुसता दूध-भात खाऊन निजता, तिथे वाटीभर मुगाची उसळ किंवा घट्ट वरण हवं. या वयात स्नायू झिजतात, त्यांना डाळी-कडधान्यं लागतात.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, म्हणून आधी मीठच धरू. माणशी ५ ग्रॅम म्हणजे दोघांचं १० ग्रॅम. किलोचा पुडा शंभर दिवस पुरला पाहिजे. आई, तू म्हणालीस आपल्याकडे दीड महिन्यात संपतो. हे पत्र मिळालं की नवा पुडा फोड आणि त्यावर पेनाने तारीख लिही. मी संक्रांतीला येतेय, तेव्हा जवळजवळ निम्मा पुडा शिल्लक दिसला पाहिजे. तीळ मी इथूनच आणते, गूळ तेवढा बाजारातून आणून ठेवा.

तुमची,
मनू