पिवळ्याचं गणित

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात तुझं चलन माझ्या मोबाइलवर आलं. गाडी अजून माझ्या नावावर आहे हे तू विसरलास, वाहतूक शाखा विसरत नाही. फोटो मोठा करून पाहिला. सोलापूर रस्ता, रात्री पावणेबारा, वर लाल दिवा आणि खाली पाठीला सॅक लावलेले आपण.

फोनवर म्हणालास, "आई, पिवळा लागला तेव्हा मी इतका जवळ होतो की थांबताच येईना." म्हणून दुपारी ऑफ तासाला मांडून पाहिलं.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. पिवळा ३ सेकंदांचा धर. तेवढ्यात तू ५० मीटर जाशील. थांबायचं ठरवलंस, तर दिवा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १७ मीटर तिथेच संपले. मग गाडी घसरू न देता बेताने थांबवायला आणखी ४६. झाले ६३. आता रेषेपासून ५५ मीटरवर असताना पिवळा लागला तर? थांबायला गेलास तर रेषेच्या पुढे जाणार, तसाच निघालास तर लाल गाठणार. या कोंडीवर अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतल्या गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी १९६० मध्ये निबंध लिहिला होता. तेव्हा तू थाप मारली नाहीस, हे मान्य.

पण हेच ४० ने करून बघ. ११ अधिक २१, म्हणजे ३२ मीटरांत थांबतोस आणि ३ सेकंदांत ३३ मीटर जातोस. कोंडीच उरत नाही! वेग दीडपट, तर ब्रेकचं अंतर सव्वादोनपट. वेगाचा वर्ग असतो तिथे, नववीत शिकवलं होतं मी तुला.

बऱ्याच चौकांत आपला लाल झाला तरी समोरच्या बाजूचा हिरवा लगेच लागत नाही. मधे एक-दोन सेकंद सगळीकडे लालच असतो, अडकलेल्याला बाहेर पडता यावं म्हणून. तू त्याच सेकंदांवर निघून गेलास. आणि समोरचा टायमरवर ३, २ दिसले की ॲक्सिलरेटर पिळतो, तोही तीच सेकंदं खातो. मी खाल्ली आहेत. पेपर तपासायला घरी नेत होते, २ दिसताच निघाले आणि एक वडाप जीप तुझ्यासारखीच पिवळ्यातून सुटून आली. हातभर अंतरावरून गेली. मला काही झालं नाही. आठवी ब च्या उत्तरपत्रिका मात्र चौकभर. भाजीवाल्या मावशींनी गोळा करून दिल्या. तुझ्या बाबांना हे अजून माहीत नाही.

मागचा हॉर्न वाजवत होता हेही म्हणालास. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावला होता. २०२० च्या जानेवारीत त्याचा व्हिडिओ आला तेव्हा तूच मला पाठवला होतास, पोट धरून हसत.

चलन भरलंय, पैसे परत पाठव. आणि हे सगळं गणित ब्रेक नीट लागतो असं धरून केलंय. दिवाळीत मी गाडी चालवली तेव्हा मागच्या ब्रेकची मूठ पार आत येत होती. शनिवारी गॅरेजला टाक, लायनर बदलून घे आणि जुना मला फोटोत दाखव.

तुझी,
आई