डांगराचं बी काढताय ना, मग हे वाचून घ्या

सर्वांना राम राम. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपण गावरान बियाणं वाटून घेणार आहोत, तर ज्यांच्या घरी डांगर (गंगाफळ, लाल भोपळा) ठेवलेलं असेल त्यांनी आता बी काढायला घ्या. फळ पूर्ण पिकलेलंच पाहिजे, देठ वाळलेला आणि सालीत नख रुतत नाही असं, आणि तोडल्या तोडल्या फोडू नका, 15-20 दिवस घरात पडू द्या म्हणजे आतलं बी अजून भरतं. हायब्रीडचं प्लीज आणू नका, पुढच्या वेलाला काय लागेल भरवसा नाही. शेजारच्या वावरात दुसऱ्या जातीचं डांगर होतं का तेही सांगा, मधमाश्या परागकण मिसळवतात. दुधीचं टेन्शन नको, त्याच्याशी संकर होत नाही.

गर चोळून चाळणीत धुवा, बोटांनी दाबून पोचट बी काढून टाका. वाळवताना मात्र खूप जपा!! आपल्याकडचं ऊन माहितीये, पत्र्यावर नाहीतर गच्चीवर टाकलं तर बी आतून मरतं आणि वरून कळतही नाही, म्हणून सावलीतच, वारा लागेल तिथे सुपात पातळ पसरा, रोज हलवा, पेपरवर नको, चिकटतं. बी वाकतंय म्हणजे ओल आहे, कट्‌कन मोडलं की झालं.

मग कोरडी राख लावून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि चिठ्ठीवर जात, गाव, वर्ष लिहा. चिठ्ठी नसलेली पुडी घेणार नाही, राग मानू नका.